सातही वारांचा उपासक : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

आज कार्तिक शुद्ध प्रतिपदा. साडेतीन मुहूर्तांतील हा अर्धा मुहूर्त. पहाटेची अभ्यंगस्नाने आटोपून घरोघरी सुवासिनी औक्षणाची तबके सिद्ध करीत असतील. उल्हासनगरच्या पेठेत व्यापारी नव्या चोपड्यांवर कुंकवाचे स्वस्तिक रेखीत असतील. बदलापूरच्या आसपासच्या खेड्यांतून गोठ्यातील जनावरे न्हाऊमाखू घालून सजविली जात असतील. आणि शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहारांनी उभारलेल्या अंबरनाथच्या शिवालयाकडे भाविकांची पावले वळत असतील. पाताळात गेलेल्या बळीराजाला वर्षातून एक दिवस आपल्या प्रजेच्या भेटीस येता येते, तो हा दिवस. दूर लोटलेल्याने उंबऱ्यापाशी येण्याचा हा सण आहे, हे आपल्या ध्यानात क्वचितच येते.

या मंगल दिवशी आम्ही वाचकांपुढे ज्या पुरुषाचे चरित्र ठेवू इच्छितो, त्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचे काम एका अंगानेच ठाऊक आहे. अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे स्थान निर्विवाद आहे. मात्र ते मुळात धर्माचे सेवक होते, एका उपासनामंदिराचा भार त्यांनी वाहिला होता आणि त्या मंदिराच्या कामातूनच पुढील सारे कार्य उगवले, ही गोष्ट मागे पडली आहे. भाविक कुटुंबांच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे, असे आम्हास वाटते.

आधी थोडे विषयांतर. आपल्या देवळांतील पुजाऱ्याचा दिनक्रम देवाच्या दिनक्रमाशी बांधलेला असतो. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवाला उठवावे, न्हाऊ घालावे, नैवेद्य दाखवावा, निजवावे. ही सेवा थोर आहे आणि ती शतकानुशतके अखंड चालली आहे. परंतु नेहमी येणारा एखादा भक्त चार दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन तो आजारी आहे की अडचणीत आहे याची विचारपूस करणे हे पुजाऱ्याचे कर्तव्य मानले गेलेले नाही. आमच्या उल्हासनगरात सिंधी बांधवांचे दरबार आहेत. तेथे नित्य सत्संग चालतो आणि निर्वासित होऊन आलेल्या त्या समाजाला अशा दरबारांचा केवढा आधार वाटला, हे जुनी मंडळी जाणतात. ख्रिस्ती उपासनामंदिरेही येथे आहेत. तेथील पाद्री रविवारची उपासना संपली म्हणून मोकळा होत नाही. कोणाच्या घरी दुखणे, कोणाच्या घरी मृत्यू, कोठे लग्न, कोठे मुलांचा वर्ग असा त्याचा आठवडा भरलेला असतो. इंग्रजीत या पदाला मिनिस्टर म्हणतात. आपल्याला तो शब्द मंत्र्यांमुळे परिचित झाला. पण त्याचा मूळ अर्थ सेवक असाच आहे. अशा सेवकाचे काम हिंदू परंपरेत वाढलेल्या, वारकऱ्याच्या घरी जन्मलेल्या एका मराठी माणसाने मुंबईच्या गिरगावात सात वर्षे केले. ते काम आठवड्यात मावेना, तेव्हा त्याने काय केले, ती ही कथा होय.

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. वडील रामजीबाबा वारकरी. घरी पंढरीची वारी होती आणि मुलाचे नावही विठ्ठलच ठेवले गेले. आई यमुनाबाई मायाळू व सोशीक. घरची स्थिती आधी बरी, पुढे हलाखीची. परंतु त्या घराचा दरवाजा कोणासही बंद नव्हता. साधू, बैरागी, लिंगायत, फकीर असे नाना पंथांचे लोक येत, बसत, भोजन करीत. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडत. मोठेपणी त्यांनी जे पुस्तकांतून शिकले, त्याचा पहिला पाठ त्यांना येथेच, काही न शिकविता मिळाला होता.

१८९१ मध्ये ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी मिल्ल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ वाचून तरुणांच्या श्रद्धा डळमळत. विठ्ठलरावांचेही तसेच झाले. विठोबाच्या भजनात वाढलेल्या या तरुणाला काही काळ ईश्वर आहे की नाही, याचा निर्णय करता येईना. श्रद्धाळू वाचकाने यात दचकण्याचे कारण नाही. ज्याला प्रश्न पडला नाही त्याला उत्तराची किंमतही कळत नाही. पुण्याच्या प्रार्थना समाजात न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांची प्रवचने कानी पडू लागली. तुकोबांचे अभंग आणि उपनिषदे यांचा आधार घेऊन बोलणारी ती विद्वान माणसे पाहून त्यांचे मन पुन्हा भक्तीकडे वळले. १८९८ साली ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी प्रार्थना समाजाचे सभासद झाले.

पुढे वकिलीचा अभ्यास सुरू होता. तो पूर्ण करून ते सुखाने संसार करू शकले असते. घरी वृद्ध वडील होते, बालपणीच लग्न होऊन आलेली पत्नी रुक्मिणीबाई होती, बहिणी होत्या. परंतु त्याच सुमारास अमेरिकेतील एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथाचे, म्हणजे युनिटेरियन मंडळींचे, जे. टी. संडरलँड हिंदुस्थानात येऊन गेले होते. त्यांच्या प्रयत्नाने येथील ब्राह्म व प्रार्थना समाजांतील एखाद्या तरुणाला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळू लागली. विठ्ठलरावांनी कायद्याची पुस्तके मिटली. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी प्रवासाचे साहाय्य केले आणि सप्टेंबर १९०१ मध्ये ते विलायतेस निघाले. बॅरिस्टर होण्यासाठी जाणारे त्या काळी पुष्कळ होते. धर्माचा सेवक होण्यासाठी समुद्र ओलांडणारा मराठा तरुण हे मात्र अपूर्वच होते.

मँचेस्टर कॉलेजचा पंथ ख्रिस्ती असला तरी तेथे कोणावर मतांची सक्ती नव्हती. प्राचार्य डॉक्टर ड्रमंड होते. एस्टलिन कार्पेंटर हे धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवीत आणि पाली भाषेचे व बौद्ध ग्रंथांचे जाणकार होते. विठ्ठलरावांनी तेथे पाली व बौद्ध धर्माचा अभ्यास केला. ख्रिस्ती विद्यापीठात जाऊन एका हिंदूने बुद्धाची ओळख करून घ्यावी, यात विधीचा विनोद आहे खरा!

परंतु वर्गातील अभ्यासाइतकेच मोठे शिक्षण त्यांना वर्गाबाहेर मिळाले. सुट्ट्यांत ते इंग्लंडातील मोठमोठी शहरे हिंडले आणि तेथील उपासनामंदिरांचे काम त्यांनी आतून पाहिले. रविवारी उपासना व प्रवचन, मुलांसाठी रविवारची शाळा. आणि मग सोमवारपासून खरी कसोटी. आजारी सभासदांकडे जाणे, मृत्यू झालेल्या घरी बसणे, तरुणांची मंडळे चालविणे, कामकरी स्त्रियांच्या सभा भरविणे, वाचनालये पाहणे, पत्रे लिहिणे. याखेरीज या पंथाने गरिबांच्या वस्त्यांतून डोमेस्टिक मिशन म्हणून संस्था काढल्या होत्या. बोस्टन शहरातील जोसेफ टकरमन या धर्मोपदेशकाने १८२६ पासून दरिद्री लोकांच्या घरोघरी जाण्याचा परिपाठ घातला आणि त्याच्या उदाहरणावरून १८३३ मध्ये मँचेस्टरला व १८३६ मध्ये लिव्हरपूलला अशी मिशने सुरू झाली. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या गल्ल्यांतून हे मिशनचे सेवक फिरत. ज्यांना चांगली वस्त्रे नसल्यामुळे मंदिरात येण्याची लाज वाटे, त्यांच्या दाराशी मंदिरच जाऊ लागले होते.

हे पाहताना विठ्ठलरावांना आपल्या देशाची आठवण झाली नसेल तर नवल. विलायतेत वस्त्राच्या लाजेने कोणी मंदिराबाहेर राही. येथे तर कित्येक जातींना मंदिराच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, आणि तेही धर्माच्या नावाने. सप्टेंबर १९०३ मध्ये आम्स्टरडॅम येथे उदार धर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि ऑक्टोबर महिन्यात ते स्वदेशी परतले.

मुंबईचा प्रार्थना समाज १८६७ साली डॉक्टर आत्माराम पांडुरंग आदी मंडळींनी स्थापिला. गिरगावातील त्याचे मंदिर १८७४ मध्ये उभे राहिले. त्या चौकाला आजही लोक प्रार्थना समाज म्हणूनच ओळखतात. रोज तेथे उतरणाऱ्या कितीजणांना तेथे एक उपासनामंदिर असल्याचे ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. त्या मंदिरात मूर्ती नाही. एकमेव, निराकार परमेश्वराची प्रार्थना, संतांचे अभंग, धर्मग्रंथांतील उतारे आणि प्रवचन असे उपासनेचे स्वरूप असे. मूर्तिपूजक वाचकाला हे कोरडे वाटेल. परंतु ज्यांनी तेथे तुकोबांचे अभंग तल्लीनतेने गाणारे वृद्ध पाहिले त्यांना तसे वाटले नाही. समाजाची अडचण वेगळीच होती. तेथे बोलणारे न्यायाधीश होते, प्राध्यापक होते, डॉक्टर होते. रविवारी त्यांनी उत्तम प्रवचन करावे आणि सोमवारी आपापल्या न्यायालयात, महाविद्यालयात जावे. उरलेल्या सहा दिवसांचा धनी कोणीच नव्हता.

तो धनी विठ्ठलराव झाले. मंदिरालगतच्या राममोहन आश्रमात त्यांनी बिऱ्हाड केले आणि प्रचारकाचे काम अंगावर घेतले. रविवारची सायंउपासना आणि मुलांची रविवारची शाळा ही तर ठरलेलीच. त्याशिवाय तरुणांसाठी ब्राह्म संघ, उदार धर्मविषयक ग्रंथांच्या वाचनाचा वर्ग, सभासदांच्या घरी कौटुंबिक उपासना, समाजाच्या सुबोध पत्रिकेसाठी लेखन. १८७३ पासून चाललेल्या या साप्ताहिकात ते विलायतेहूनही पत्रे धाडीत असत. टपाल मिशन नावाचा एक उपक्रमही होता. दूरगावच्या जिज्ञासूंना टपालाने धर्मविषयक पुस्तिका पाठवावयाच्या व त्यांच्या शंकांना उत्तरे द्यावयाची. कोठे नामकरण, कोठे विवाह, कोठे श्राद्धदिनाची प्रार्थना. मधून मधून पुणे, नगर, बडोदे आणि पार बंगाल-मद्रासेपर्यंत दौरे. ज्यांना देवाची सेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या दोन घटका असे वाटते, त्यांनी हा आठवडा डोळ्यांपुढे आणून पाहावा.

या कामात घरची माणसे मागे राहिली नाहीत, हे आम्ही आवर्जून सांगतो. कारण चरित्रकार पुष्कळदा पुरुषाचेच वर्णन करून थांबतात. भगिनी जनाक्का यांना सासरी छळ सोसावा लागला होता. विठ्ठलरावांनी त्यांना परत आणून शिक्षणाची वाट दाखविली आणि त्याच जनाक्का पुढे भावाच्या कार्याचा उजवा हात झाल्या. रुक्मिणीबाईंनी तुटपुंज्या वेतनात आल्यागेल्याचे आदरातिथ्य केले. वारकरी रामजीबाबाही मुलाच्या नव्या पंथात परके झाले नाहीत. अभंग तेच होते, विठ्ठलही तोच होता. फक्त कटीवर कर ठेवलेली मूर्ती नव्हती.

परंतु मंदिराचा आठवडा असा भरगच्च चालला असता प्रचारकाचे मन अस्वस्थ होते. उपासनेला येणारी मंडळी सुशिक्षित, सुस्थित. ज्यांच्यापर्यंत कोणीच गेले नाही त्यांचे काय? बडोद्यास त्यांनी सयाजीरावांनी अंत्यजांसाठी काढलेल्या शाळा पाहिल्या. शिरगणतीचे आकडे घेऊन ते प्रांतोप्रांतीच्या बहिष्कृत जातींची स्थिती अभ्यासू लागले. १९०५ साली नगरजवळच्या भिंगार गावी त्यांना अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी आपल्या सभेला बोलाविले. रात्रीची वेळ, मिणमिणता उजेड, दिवसभर राबून आलेली माणसे दाटीने बसलेली. व्याख्यान देण्यासाठी गेलेला हा उपदेशक तेथून एक निश्चय घेऊन परतला. या लोकांना प्रवचनाआधी माणूस हवा होता, आणि तो अधूनमधून नव्हे तर कायमचा हवा होता. त्याच वर्षी पुण्यात प्रार्थना समाजाच्या वतीने त्यांच्यासाठी रात्रीची शाळा निघाली.

आणि मग १९०६ चा पाडवा उजाडला. इंग्रजी तारीख १८ ऑक्टोबर, वार गुरुवार. गिरगावात, दादरात घरोघरी औक्षणे चालली होती. परळच्या गिरणभागात मात्र त्या दिवशी एक आगळाच समारंभ झाला. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर यांच्या हस्ते अस्पृश्यांच्या मुलांसाठी पहिली शाळा उघडण्यात आली आणि तिच्यासह निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, ही संस्था जन्मास आली. चंदावरकर हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि प्रार्थना समाजाचे अध्यक्ष. आरंभीच्या खर्चासाठी शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये दिले. दिवाळीच्या दिवशी लहान मुलांच्या हाती फराळाची ताटे असतात. त्या दिवशी परळच्या मुलांच्या हाती पाट्या आल्या.

त्या दिवसापासून प्रचारकाच्या आठवड्याला नवा भूगोल प्राप्त झाला. गिरगावचे मंदिर एका टोकाला आणि परळच्या चाळी दुसऱ्या टोकाला. मदनपुरा, कामाठीपुरा येथे शाळा निघाल्या. देवनारला, जेथे शहराचा कचरा जाऊन पडे, तेथे सफाईचे काम करणाऱ्यांच्या मुलांसाठीही शाळा निघाली. औषधोपचाराची सोय झाली. शिवणकाम, पुस्तकबांधणी असे उद्योग शिकविले जाऊ लागले. निराश्रित सेवासदन स्थापन होऊन जनाक्का आणि त्यांच्या सहकारी भगिनी वस्तीतील घरोघरी जाऊ लागल्या. आजाऱ्याची शुश्रूषा करावी, बाळंतिणीला पाहावे, मुलांना न्हाऊ घालावे. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्यांच्या घरच्या आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवणे हे त्या काळी किती अवघड होते, याची कल्पना आज येणार नाही. १९०७ मध्ये परळला सोमवंशीय मित्र समाज स्थापन झाला आणि तेथेही साप्ताहिक उपासना होऊ लागली. रविवारची उपासना आता एका मंदिरापुरती राहिली नाही.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. भाविक घरांतून असा आक्षेप ऐकू येतो की, अशा मंडळींनी धर्म सोडून समाजकार्य केले. शिंदे यांच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. त्यांच्या मिशनमध्ये शाळेबरोबर भजन होते, प्रार्थना होती, कीर्तन होते. पोटाला भाकरी आणि हाताला पाटी दिली की काम झाले, असे त्यांनी मानले नाही. उलट, ज्या देवाचे नाव आपण सकाळी घेतो त्या देवाचे नाव घेण्याचा अधिकार प्रत्येकास असला पाहिजे, ही त्यांची सारी तळमळ होती. धर्मांतर करा असे त्यांनी कोणास सांगितले नाही. स्पृश्यांनी आपला धर्म नीट पाळावा एवढेच त्यांचे मागणे होते आणि तेच सर्वांत जड होते.

एका माणसाच्या आठवड्यात दोन मंदिरे मावत नाहीत. समाजाच्या काही सभासदांना आपल्या प्रचारकाचा वेळ दुसरीकडे जातो असे वाटू लागले असेल, तर त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. त्यांनाही आपल्या मंदिराची काळजी होती. १९१० साली विठ्ठलरावांनी प्रचारकपद खाली ठेवले आणि मिशनलाच वाहून घेतले. ठरलेले वेतन गेले, स्थिर बिऱ्हाड गेले. १९१२ च्या सुमारास ते पुण्यास राहावयास आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉक्टर भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात अस्पृश्यतानिवारणाची परिषद झाली. संस्कृत विद्येचा तो महर्षी अस्पृश्यतेविरुद्ध उभा राहिला, याचे महत्त्व शास्त्र मानणाऱ्या वाचकांनी विसरू नये. पुढे होळकर संस्थानाच्या देणगीतून मिशनची वास्तू उभी राहिली आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या स्मरणार्थ तिला अहिल्याश्रम हे नाव मिळाले. तिकडे मिशनच्या शाखा दक्षिणेस हुबळी-मंगळूरपर्यंत पसरल्या.

डिसेंबर १९१७ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत केला. तीस वर्षे राजकारणाखेरीज दुसऱ्या विषयाला हात न लावणाऱ्या त्या सभेला हा विषय घ्यावयास लावण्यात शिंदे यांचे श्रम फार मोठे होते. पुढल्या मार्चमध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय परिषद झाली. लोकमान्य टिळकांनी त्या व्यासपीठावरून अस्पृश्यतेचा कडक निषेध केला. परंतु व्यक्तिशः आचरणाच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही. लोकमान्यांविषयी आमच्या मनात अपार आदर आहे. तरीही सभेत बोलणे आणि घरी पाळणे यांमधील हे अंतर लपविण्यात अर्थ नाही, कारण ते एका लोकमान्यांपुरते नव्हते. आपल्या सर्वांच्या घरात होते.

या सेवकाच्या वाट्याला दोन्हीकडून टीका आली. सनातनी मंडळींना ते भ्रष्ट वाटत. स्वजातीतील काहींना ते परके वाटू लागले. विधिमंडळाच्या निवडणुकीत त्यांनी मराठ्यांसाठी राखीव जागा न स्वीकारता सर्वसाधारण जागेवरून उभे राहणे पसंत केले, तेव्हा तर तसे वाटलेच. आणि ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांच्यातील नव्या शिकलेल्या तरुणांना आपले पुढारीपण आपल्याच हाती असावे असे वाटू लागले. ही शेवटची टीका सर्वांत झोंबणारी होती आणि सर्वांत न्याय्यही होती. दार उघडणाऱ्याने दारातच उभे राहू नये, हे मान्य करणे कोणत्याही संस्थापकाला सोपे नसते. १९२३ मध्ये शिंदे यांनी मिशनच्या कारभारातून अंग काढून घेतले. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग शाळा उघडण्याइतकाच मोठा आहे.

त्यानंतर ते काही काळ मंगळूरच्या ब्राह्म समाजाचे आचार्य होते. पुन्हा तोच जुना आठवडा, तीच रविवारची उपासना, तीच घरोघरची फेरी. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी भाग घेतला आणि त्यांना सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. येरवड्याच्या तुरुंगातून ते परतले ते प्रकृती खालावूनच. १९३३ मध्ये त्यांचा भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या आठवणीही त्यांनी लिहून ठेवल्या. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना व्हावी. दुर्दैवाने ती फारशी वाचली जात नाहीत. भागवत धर्माचा अभ्यास त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. उतारवयात घरच्या घरी, कुटुंबातील लहानथोर एकत्र बसून प्रार्थना करावी, या कौटुंबिक उपासनेकडे त्यांचे लक्ष अधिकाधिक लागले. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

आमच्या या गावांशी त्यांचा संबंध आहे तो एवढाच, आणि तो आम्हास पुरेसा वाटतो. मुंबई-पुण्याचा लोहमार्ग कल्याणहून निघून अंबरनाथ, बदलापूर करीत बोरघाटाकडे जातो. १८५६ मध्ये हा मार्ग घाटाच्या पायथ्यापर्यंत आला आणि १८६३ मध्ये घाटातून पार झाला. गिरगावच्या मंदिरातून पुण्याच्या रात्रीच्या शाळेकडे, परळच्या वस्तीतून अहिल्याश्रमाकडे हा माणूस वर्षानुवर्षे याच रुळांवरून जात-येत राहिला. उल्हासनगर तेव्हा नव्हतेच. ते नाव १९४९ मध्ये मिळाले. अंबरनाथच्या शिवालयाभोवती रान होते आणि बदलापूर हे भातशेतीतील लहानसे गाव होते. आज पाडव्याच्या निमित्ताने आपल्यापैकी कित्येक कुटुंबे नातलगांकडे मुंबईस निघतील. दादर मागे पडले की परळ येते. एकशे वीस वर्षांमागे, अशाच एका पाडव्याला, तेथे त्या मुलांनी पाटीवर पहिले अक्षर गिरविले.